मालवणच्या खडपावर, तोंड खाली घालून

मालवणला स्नॉर्केलिंग केलं, म्हणजे डोळ्यांवर मास्क आणि तोंडात नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचं बघितलं, म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "अंदमानसारखं दिसतं का?" नाही दिसत. फोनवरच्या व्हिडिओत असतं तसं निळंशार, तळापर्यंत स्वच्छ पाणी मालवणात मिळत नाही. इथलं पाणी हिरवट. दिवस चांगला असला तर पाच-सहा मीटरपर्यंत दिसतं, नसला तर स्वतःचा लांब केलेला हातही धूसर. ज्याला ते व्हिडिओतलंच हवं असेल त्याने थोडे पैसे साठवावेत आणि अंदमानचं विमान पकडावं. मला मात्र मालवणचाच समुद्र पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

आधी इथलं पाणी हिरवं का, ते सांगतो, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. पावसाळ्यात कोकणातल्या सगळ्या नद्या लाल माती घेऊन समुद्रात उतरतात. मालवणच्या दक्षिणेला देवबागशी कर्ली नदी मिळते, उत्तरेला कोळंबची खाडी आहे. चार महिने गोडं पाणी आणि गाळ. शिवाय पाण्यात सूक्ष्म वनस्पती भरपूर, म्हणून तर इथे बांगडा-तारली एवढी मिळते. प्रवाळाला यातलं काहीच मानवत नाही. त्याला ऊन लागतं, स्वच्छ पाणी लागतं. तरीही सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या बुडालेल्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी १९७९ साली पश्चिम किनाऱ्यावरच्या जिवंत प्रवाळांची नोंद प्रसिद्ध केली, त्यात मालवण होतं. १९८७ मध्ये इथलं सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्रफळ साधारण २९ चौरस किलोमीटर, आणि त्याच्या गाभ्याच्या भागात सिंधुदुर्ग आणि पद्मगड दोन्ही येतात. शिवरायांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला १६६४ मध्ये. खालचं खडप, म्हणजे हे बुडालेले खडक, अर्थात त्याच्या कितीतरी आधीचं.

आम्ही सांगलीकडची माणसं. मी पोहायला शिकलो ते मळ्यातल्या विहिरीत, कमरेला वाळका भोपळा बांधून. बायकोला पोहता येत नाही. कृष्णेच्या घाटावर गुडघाभर पाण्यापुढे ती कधी गेलेली नाही. तरी बेत तिचाच.

फोनवर गाईडने तारीख विचारली नाही, तिथी विचारली. "अष्टमी कधी आसा ता बगा, आणि तेच्या दुसऱ्या दिवसाक येवा." अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती. तेव्हा पाणी जोराने आत-बाहेर करतं आणि तळाचा गाळ ढवळून काढतं. अष्टमी-नवमीला भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी, ओढ कमी, गाळ खाली बसलेला. वेळ सकाळचीच. मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तोवर पाणी सपाट असतं. ऊन चढून खारा वारा सुटला की लाटा उठतात आणि मग वरून काही दिसत नाही. महिना जानेवारीचा. ही एवढी तीन गणितं जमली तर मालवण दिसतं. मे महिन्यातल्या सुट्टीत, पौर्णिमेला, दुपारी दोन वाजता पाण्यात उतरून "काही नाही हो तिथं" असं सांगत फिरणारे मला बरेच भेटलेत.

होडी खडपाजवळ आली तेव्हा तांडेलाने नांगर कुठे टाकला ते मी बघितलं. वाळूत टाकला. ही गोष्ट तुम्हीही बघा. खडपावर नांगर टाकणाऱ्या होडीत पुन्हा बसू नका, मग ती कितीही स्वस्त असो.

मास्क म्हणजे नाकासकट डोळे झाकणारी काच. तो बसतो का ते बघायची साधी रीत आहे: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने श्वास आत ओढायचा. चिकटून राहिला तर बरोबर. माझा पडला. मिशीमुळे वरच्या ओठाशी फट राहते. गाईडकडे त्याचाही उपाय तयार होता, व्हॅसलिनची डबी. मिशीवर बोटभर थापलं आणि फट बुजली. मग काचेवर आतून थुंकायचं, बोटाने पसरवायचं आणि समुद्राच्या पाण्यात विसळायचं, म्हणजे वाफ धरत नाही. बायकोने "शी" म्हटलं, इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप थुंकली.

खरी गंमत श्वासाची. नळीचं रबर दातात धरायचं, ओठ मिटायचे, आणि तोंड पाण्यात ठेवून तोंडानेच श्वास घ्यायचा. विहिरीत शिकलेल्या माणसाला हे भारी अवघड. आमच्या पोहण्यात मुंडी वर, हातपाय जोरात, आणि चेहरा पाण्यात गेला की श्वास आपोआप बंद. डोक्याला समजतं की नळीचं टोक वर हवेत आहे, छातीला पटत नाही. गाईड म्हणजे पोरगाच, असेल पंचविशीचा, कंबरभर पाण्यात माझ्या पाठीवर हात ठेवून उभा. "काका, घाबरतास कित्याक? मी आसय मां. लांब श्वास घेवा. लांब." लांबच का, तेही त्याने समजावलं. आपण सोडलेली हवा थोडी नळीतच अडकून राहते. भराभर तोकडे श्वास घेतले की तीच शिळी हवा पुन्हा छातीत जाते आणि दम लागल्यासारखं होतं. नळीत पाणी शिरलं तर घाबरून डोकं वर काढायचं नाही, जोरात "फू" करायचं, पाणी वरून उडून जातं.

बायकोला यातलं काही विसरायचं नव्हतं, कारण येतच नव्हतं. लाइफ जॅकेट घालून ती पाण्यावर पालथी पडली, दोन्ही हातांनी रिंग धरली आणि तशीच राहिली. पाय हलवायचे असतात हे तिला कोणी सांगितलंच नाही. मी मात्र सवयीने पाय आपटत होतो, आणि माझ्याखालचे मासे केव्हाच पांगलेले. तिच्याखाली ते निवांत. पोहता येणाऱ्यांपेक्षा न येणाऱ्यांना जास्त दिसतं हे माझं तेव्हापासूनचं ठाम मत आहे, आणि घरात ते मला रोज ऐकवलंही जातं.

पाण्यात डोळ्यांच्या आधी कान उघडतात. डोकं खाली गेलं की सगळीकडून तडतड सुरू होते, तापल्या तेलात मोहरी टाकावी तशी. मला वाटलं कानात पाणी गेलं. तो आवाज कोळंबीच्या जातीतल्या बोटाएवढ्या जीवांचा, स्नॅपिंग श्रिंपचा. त्यांची एक नांगी मोठी असते. ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि तो फुटण्याचाच आवाज होतो. असे हजारो जीव कपारींत बसलेले. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो, त्यामुळे तो कुठून येतोय ते आपल्या कानांना ठरवता येत नाही. खालून येतो की मागून, काही पत्ता लागत नाही.

पहिल्या जागी चार-पाच होड्या होत्या. तिथे काय चाललं होतं ते ज्यांनी मालवण केलंय त्यांना माहीत असेल. पावाचे तुकडे, बिस्किटं, आणि त्यावर तुटून पडलेले पट्ट्यापट्ट्यांचे मासे, पाठ पिवळी, अंगावर काळे उभे पट्टे. सार्जंट फिश म्हणतात त्यांना. त्या गर्दीत पर्यटकाचं तोंड, हाताने अंगठा वर, फोटो. पाच मिनिटांत पुढचा माणूस. आमचा गाईड काही बोलला नाही, पण होडीत परत चढल्यावर म्हणाला, "पाव टाकल्यार मासे येतत. पण तेच चार जातीचे येतत. बाकीचे लपतत." पावावर पोसलेले मासे शेवाळ कमी खातात, आणि न खाल्लेलं शेवाळ प्रवाळावर चढतं, ते वेगळंच.

मग त्याने आम्हाला गर्दीपासून लांब एका खडकावर नेलं. खडकाचा माथा पाण्याखाली दोन-अडीच मीटरवर. त्याची एकच अट: इथेच थांबायचं, दुसरीकडे जायचं नाही, आणि "दगडार पाय ठेवू नकात हां. ह्यो जितो आसा."

पहिली काही मिनिटं खरंच काही दिसलं नाही. तपकिरी दगड, हिरवं शेवाळ, काटेरी काळे गोळे, म्हणजे सी अर्चिन. पाय का ठेवायचा नाही याचं ते दुसरं कारण. लाल रंग पाण्यात सगळ्यांत आधी शोषला जातो, आणि पाणी हिरवं असलं की उरलेल्यावरही हिरवी छटा चढते. त्यात मास्कच्या काचेतून वस्तू आहे त्यापेक्षा पाऊणपट अंतरावर आणि एक तृतीयांशाने मोठी दिसते. हात पुढे करावा आणि तो दगडापर्यंत पोचूच नये. डोळ्यांना हे सगळं जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तो वेळ बहुतेक सहलींत दिलाच जात नाही.

मग दगड वेगवेगळे दिसायला लागले. एक पिवळसर, गुळगुळीत, घुमटासारखा फुगलेला: पोरायटीस. एकावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखे खळगे, ते फॅव्हायटीस. एक ताटासारखा पसरट, कडा वळलेल्या, टर्बिनेरिया. अंदमान-लक्षद्वीपला हरणाच्या शिंगांसारखं फांद्याफांद्यांचं प्रवाळ रानासारखं वाढतं, तसलं नाजूक काम इथे नाही. इथे टिकतं ते गाळ सोसणारं, दगडाला धरून बसणारं, हळू वाढणारं. ते घुमटासारखं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतं. माझ्या डोक्याखालचा घुमट परातीहून मोठा होता. कित्येक दशकं जगलेला जीव समोर आहे आणि आपण त्याला दगड म्हणत होतो, हे जरा अंगावर आलं.

त्याच्याशेजारी एक तपकिरी, लव असल्यासारखा गोळा होता. गाईडने खूण केली, बघा. त्याने गोळ्याला हात लावला नाही, चार बोटांवरून फक्त तळव्याने पाण्याचा एक झोत दिला. ती सगळी लव एका क्षणात आत गेली आणि गोळा आकसून फिकट पडला. खाली कडक पांढुरका सांगाडा. आम्ही हलायचं बंद केलं. थोड्या वेळाने एका बाजूने एक-एक करत पुन्हा बाहेर यायला लागले त्यातले जीव, लांब देठाचे, टोकाला फुलासारखी शुंडकं. ही गोनिओपोरा. बहुतेक प्रवाळांचे जीव रात्री बाहेर येतात, ही भर दिवसा पसरून बसते. प्रत्येकाला चोवीस शुंडकं असतात असं पुस्तकात आहे, मला लाटेत मोजता आली नाहीत. वनस्पती, दगड की प्राणी, शाळेत पाठ केलेलं सगळं त्या एका आकसण्यात निकालात निघालं.

प्रवाळाचा तपकिरी-सोनेरी रंग बहुतांशी त्याच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा असतो. शैवाल उन्हावर अन्न बनवतं आणि घरमालकाला भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा देतं. पाणी नेहमीपेक्षा एखाद-दोन अंशांनी तापून आठवडे तसंच राहिलं की हा करार मोडतो, शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभरातलं चौथं मोठं प्रवाळ-विरंजन सुरू असल्याचं जाहीर झालं होतं. आमच्या खडकावरही एका घुमटाची एक बाजू पांढरट होती. गाळाने, तापमानाने की कुणाच्या टाचेने, ते मला सांगता येणार नाही.

रंग हवेत ना? आता ऐका. आधी एक जोडी आली फुलपाखरू माशांची: चपटे, अंगावर जाळीदार खवले, डोळ्यामागे पांढरा पट्टा आणि शेपटी लाल. हे बहुतेकदा जोडीने फिरतात. एक दगडाआड गेला की दुसरा थांबतो. मग हिरवा-निळा, गालावर गुलाबी रेघा असलेला एक लांबुडका मासा सारखा येरझाऱ्या घालणारा, मून रॅस. चंद्रकोरीसारख्या पिवळ्या शेपटीमुळे नाव. बायकोने माझा दंड चिमटला आणि बोट दाखवलं. पोपट मासा. पिवळसर अंग, त्यावर निळे तुटक पट्टे, आणि दात जुळून झालेली खरीखुरी चोच. तो दगडावर आडवा होऊन खरवडतो तेव्हा "कर्र" असा आवाज पाण्यात स्वच्छ येतो, आणि मागे पांढरे ओरखडे राहतात. शेवाळाबरोबर चुनखडीही पोटात जाते, दळली जाते आणि शेपटीखालून पांढऱ्या भुकटीच्या ढगाने बाहेर पडते. ही भुकटी म्हणजे वाळूच. उष्ण समुद्रांतल्या कितीतरी पांढऱ्या पुळणींमध्ये या माशांचा मोठा वाटा आहे. हे मी होडीत सांगितल्यावर बायको म्हणाली, "म्हणजे त्या वाळूत लोक लोळतात?" लोळतात.

पण त्या दिवसाचं मुख्य काम खडकाच्या डाव्या कोपऱ्यात चाललं होतं. तिथे एक बोटभर लांबीचा निळसर मासा, अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत एक काळा पट्टा, एकाच जागी वरखाली नाचत होता. क्लीनर रॅस. त्याच्यासमोर चांगला हातभर लांबीचा गोबरा मासा, जबडा उघडा, कल्ले फुलवलेले, अगदी स्तब्ध. निळा मासा त्याच्या तोंडात शिरला. आत दातांमधून काहीतरी टिपलं, कल्ल्यातून बाहेर आला, गालावरून फिरला, पुन्हा आत. गोबऱ्याने एकदा अंगाला झटका दिला तसा तो पटकन बाहेर झाला. मागे आणखी दोन मासे ताटकळलेले, त्यातला एक डोकं खाली करून उभा. अंगावरचे परजीवी किडे काढून घ्यायला मासे ठरलेल्या जागी येतात, आणि साफसफाई चालू असताना खाणारा त्या इवल्याला गिळत नाही, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. मी पाय हलवणं विसरलो होतो, बहुधा म्हणूनच ते सगळं माझ्यासमोर चाललं.

गाईडने नंतर जलरोधक विजेरी काढली. तोवर मला वाटत होतं कपारी काळ्या असतात. प्रकाश पडला आणि कपारीचं छत लालभडक. स्पंज होता तो, कुंकवाच्या लाल रंगाचा, मधेमधे नारिंगी. विजेरी हलली की मागचा भाग पुन्हा काळपट. रंग तिथेच असतात, पाणी ते आपल्यापर्यंत येऊ देत नाही. त्याच छताला खालून उलटा लटकल्यासारखा एक लायनफिश होता, पंख्यासारखे पर पसरलेला, तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचा. गाईडने हाताने आम्हाला मागे सारलं. त्या काट्यांत विष असतं.

पाणी सव्वीस-सत्तावीस अंशांचं असावं, म्हणजे गार नव्हे, पण तासभर न हलता पडलं की हुडहुडी भरते. बायकोचे ओठ निळे झाले तेव्हा वर आलो. तोंडात रबराची चव, कपाळावर मास्कचा वळ.

होडीत गाईडने पहिली गोष्ट केली ती गोबऱ्याचा हिशेब. "ह्येचो दर म्हायत आसा?" तो गाबीत, बापजाद्यांपासून मासेमारी. त्याचे वडील या खडपाला शिव्या घालायचे, कारण इथे टाकलेलं जाळं फाटूनच वर यायचं. अभयारण्य जाहीर झालं तेव्हा गावाने विरोध केला होता, मासेमारी बंद होईल या भीतीने, आणि ती भीती त्याच्या मते अजून गेलेली नाही. खडपावरून पर्यटक नेणारा हा पोरगा आणि खडपाबाहेर जाळं टाकणारे वडील एकाच घरात जेवतात. मी आपला सांगलीचा पाहुणा, यात शहाणपण शिकवायला गेलो नाही. एवढंच विचारलं की पर्यटक प्रवाळ तोडून नेतात का. "न्हेतत. खिशात." प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. किनाऱ्यावर पडलेला तुकडाही उचलू नये.

जायचं असेल तर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. पाठ भाजत नाही आणि सनस्क्रीनही कमी लागतं, जे शेवटी पाण्यातच उतरतं. गाईडला आधीच सांगा की पाव नको आणि एकाच जागी थांबायचंय, ऐकणारे ऐकतात. मेअखेरीला सगळं बंद होतं ते थेट पावसाळा ओसरेपर्यंत. आणि आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या प्रवाळ-पठाराचं नाव ऐकून कुणी उत्साहाने विचारेल म्हणून सांगतो, ती विजयदुर्गाहून शंभराहून जास्त किलोमीटर बाहेर आहे, वीस मीटरहून खोल. तिथे नळीचं काम नाही.

संध्याकाळी जेटीजवळ लिलाव चालू होता. पाट्यांमध्ये बांगडे, सुरमई, आणि एका पाटीत दोन गोबरे. बायको वाकून बघत राहिली, मग तिने दर विचारला. दर ऐकून आम्ही बांगडे घेतले, आणि मुक्कामाच्या घरच्या मालकीणबाईंनी त्यांचं तिरफळ घालून कालवण केलं.